आखाजीला न आलेल्या मुली

भिकुबाई माझी थोरली चुलत वहिनी. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी राहते; शाळेची पायरी तिने चढलेली नाही. मी वीस वर्षे धुळ्यात प्राणिशास्त्र शिकवतो आहे. तरीही आमच्या घराण्यातील कर्करोगाचा नकाशा तिच्या नावावर आहे, आणि हे मला आजही पचलेले नाही.

१९९५च्या उन्हाळ्यात मुंबईहून एक संशोधक डॉक्टरीणबाई आल्या. स्तनांचा कर्करोग एकाच रक्तात पुनःपुन्हा उमटत असेल तर बिघडलेला जनुक हुडकता येईल, आणि उद्या नेमक्या त्याच कमकुवत जागी घाव घालणारे औषध शोधता येईल, असे त्यांचे म्हणणे. या कामात माझे नाव लागावे, एवढीच माझी इच्छा होती. महिनाभर खपून मी सात पिढ्यांची वंशावळ काढली. तिच्यात आजारी बायका निघाल्या दोन. त्याही बाहेरून आलेल्या सुना.

"सर, यात आनुवंशिक काही दिसत नाही," म्हणत बाई कागद गुंडाळू लागल्या.

चहा घेऊन आलेल्या भिकुबाईने मला नावे वाचायला लावली. "हाऊ ते बठ्ठा माणसेसना कागद शे. पोरी कथा ग्यात, भाऊ?"

"कागद पुरुषांचाच असतो, वहिनी. मुली परक्या कुळात जातात. वंशावळीत त्या नसतात."

"कुळ बदलस. रगत बदलस का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणींना माहेरी आणायला मुराळी धाडण्याचे काम तीस वर्षे तिच्याकडे. जी आली नाही, ती का आली नाही, हे तिला तोंडपाठ. यावलची लेक, छातीत गाठ, वय चौतीस. धरणगावची आत्या, तिच्या दोन्ही मुली. अशी दहा नावे झाली. बाई माझ्याच कागदाच्या पाठीवर भराभर वर्तुळे काढत होत्या.

"आन् कुंदा," भिकुबाई हळूच म्हणाली. "तिना मुराळी तूच व्हता ना, भाऊ?"

कुंदा माझी सख्खी बहीण. एक्क्याऐंशी साली तिला आणायला गेलो, तेव्हा तीही छातीतल्या गाठीने अंथरुणाला खिळलेली; तिच्या सासरहून मी एकटाच परतलो होतो. माझ्या वंशावळीत तीही नव्हती.

"हा दोष भावांकडूनही त्यांच्या मुलींकडे उतरतो," बाई म्हणाल्या.

फायलीवर लिहिले गेले: माहिती, भिकुबाई. माझी नोंद 'लेखनसाहाय्य' अशी, खाली, बारीक अक्षरात.

दुसऱ्या दिवशी घरातील सर्वांचे रक्त घेतले. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा, सुनंदाचा नंबर आला, तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. सुई टोचताना तिने हात धरला तो भिकुबाईचा.