आत्यांचा कोपरा

आमच्या कोथरूडच्या ऑफिसात आत्यांची सही मिळवण्यापेक्षा मुलीच्या बापाचा होकार मिळवणं सोपं होतं. ड्रॉइंग समोर ठेवलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "या विमानातून तुझी आई जाणार आहे. आता परत बघ." भाच्यांची झाडाझडती घेणाऱ्या आत्यासारख्या वागायच्या, म्हणून सगळे त्यांना आत्याच म्हणत.

तेव्हा आम्ही एका परदेशी कंपनीच्या लांब पल्ल्याच्या प्रवासी विमानाचं काम करत होतो. चांगलं रुंद पोटाचं, समुद्र ओलांडून जाणारं विमान. पुण्याच्या वाट्याला आली होती सामानाच्या दाराची चौकट तेवढी. बाकीचे हे सांगताना आवाज खाली आणत. आत्या स्वारगेटच्या बसमध्ये शेजारणीलाही ताठ मानेनं सांगायच्या, "विमान बनवते. दारापुरतं."

विमान वर गेलं की आतल्या हवेनं फुगतं, खाली आलं की बसतं, आणि हे आयुष्यभर चालतं. "कपडा फाटतो काखेत आणि विमान दाराच्या कोपऱ्यात," हे आत्यांचं पहिल्या दिवशीचं वाक्य. आमचं गणित बरोबर येत होतं. तरी खालच्या कोपऱ्याचा पत्रा जाड करा म्हणून त्या अडून बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: "गणितात सामान अलगद चढतं. ते खरं कसं चढवतात ते मी मार्केटयार्डात बघून आलेय. माणसं सगळीकडची सारखीच. हा कोपरा धक्के खाणार, त्याला पोचे पडणार आणि मग तो तिथूनच चिरणार."

पण विमानात ग्रॅमाग्रॅमासाठी भांडणं होतात. वजन वाढवणार असाल तर हे काम दुसरीकडे देऊ, असं परदेशातून स्पष्ट कळवण्यात आलं. काम गेलं असतं तर आमची टीमच मोडली असती. आमचे मॅनेजर अगदी काकुळतीला आले. "अहो आत्या, करून टाका ना सही."

"करते की. आधी पत्रा जाड करा."

संध्याकाळच्या कॉलवर तिकडच्या मुख्य इंजिनिअरनं वैतागून विचारलं, "तुमच्या पुण्यात नाही म्हणायची पद्धत आहे का?"

"पुण्यात दुसरी कुठली पद्धतच नाही, साहेब," आत्या म्हणाल्या. आम्ही टेबलाखाली बघत बसलो. मग त्यांनी त्याला मार्केटयार्ड सांगितलं, शांतपणे, दहा मिनिटं. साहेब भला माणूस. त्यानं कोपऱ्याला मुद्दाम पोचे पाडून चाचणी घेतली. गणितानं सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी पत्रा चिरला. कोपरा जाड झाला आणि काम पुण्यातच राहिलं.

विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. आत्यांनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "उडतात सगळीच. म्हातारं होईपर्यंत उडायला पाहिजे." बुद्धपौर्णिमेला मात्र त्यांनी सगळ्या टीमला घरी बोलावून खीर वाढली, वाटी रिकामी दिसली की न विचारता. आम्हाला काय ते कळलं.

विमान खरंच म्हातारं झालं. आत्या निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तसल्या विमानांपैकी एक मोडीत निघालं, तेव्हा त्या साहेबानं तो कोपरा कापून आत्यांना पाठवला. पोचे भरपूर होते. चीर एकही नव्हती. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पोच्यांवरून बोटं फिरवली, खूप वेळ फिरवली. मग म्हणाल्या, "दार पाठवलंय, आता विमान कधी येतंय विचार."

गेल्या वर्षी आत्या गेल्या. कोपरा त्यांच्या मुलीनं मला दिला. तो आता माझ्या टेबलावर असतो.

परवा कॉलवर एका नव्या विमानाच्या ड्रॉइंगला मी नाही म्हणालो. तिकडच्या नव्या पोरांनी कुरकुर सुरू केली. तेवढ्यात त्यांच्या मागून साहेबाचा तोच जुना आवाज आला, आता थोडा कापरा झालेला: "'नाही' पुण्याहून आलंय ना? मग परत तपासा."

मी कोपऱ्यावर हात ठेवून बसून राहिलो.