हत्याकांड न म्हणणारा पाहुणा

आमच्या बोईसरच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला परदेशातून एक इंजिनिअर बाई आली होती. हॉटेलात तिला करमेना, म्हणून मी तिला नवापूरला आमच्या घरी आणलं. ती आईशेजारी बसून बोंबील साफ करायची. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघींच्या गप्पा संपत नसत.

ती परत गेली आणि वर्षभरात तिच्या देशात कत्तल सुरू झाली. सैनिक घराघरांत शिरून तिच्या जमातीची माणसं मारत होते. तिनं गच्चीवरून काढलेला व्हिडिओ मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'कोणाला तरी दाखव.'

त्याच आठवड्यात एका बलाढ्य देशातले एक पाहुणे कारखान्यात आले. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचे सल्लागार. त्याआधी जन्मभर आपल्या देशाच्या परराष्ट्र खात्यात. प्रयोगशाळेत माझ्या हातमोज्याला बारीकसं भोक दिसलं, तर त्यांनी काम थांबवायला लावलं. म्हणाले, "माणसाच्या जिवापेक्षा मोठं काही नाही."

मला धीर आला. कारखान्याच्या मालकांसोबत जेवताना मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"भयंकर आहे."

"तुमचं सरकार हे थांबवू शकतं ना? त्या सैन्याला शस्त्रं तुम्हीच देता."

"शकतं की," ते शांतपणे म्हणाले. "पण तिथल्या बंदरात आमची जहाजं थांबतात. शिवाय एकदा हत्याकांड म्हटलं, की काहीतरी करावं लागतं. म्हणून आम्ही 'चिंताजनक परिस्थिती' म्हणतो. तसली पत्रकं मीच लिहायचो."

मग सुरमईचा काटा काढत त्यांनी विचारलं, "हा मासा इथलाच का?"

मी पुन्हा व्हिडिओवर बोट ठेवलं. मालकांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? गिऱ्हाईक तुटेल."

घरी आईनं विचारलं, "मग, येतात का कोण तिला सोडवाया?"

"नाही."

"का गं? त्यांना दिसत नाय?"

"दिसतं, आई. सगळं दिसतं."

आई दारात जाऊन थुंकली.

पुढे ती इंजिनिअर बाई कशीबशी सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचली. तिचा भाऊ वाटेत मारला गेला. मग त्या बलाढ्य देशाची ब्लँकेटं आली, कोपऱ्यात झेंडा छापलेली. झेंडा नीट दिसावा म्हणून वाटणाऱ्यांनी तिला तीनदा उभं केलं आणि फोटो काढले. हे सांगताना फोनवर ती हसली. तसं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

यंदा ते पाहुणे पुन्हा आले. मालकांनी जेवायला हाक मारली. त्यांच्या पंगतीला बसणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं आणि डबा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले.