खैरात

आमच्या चर्चमध्ये पुरुषांची बाजू डावी आणि बायकांची उजवी. मधल्या वाटेवर लाल जाजम. मी डावीकडं, तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसतो. ती भिंत मीच बांधलेली आहे. छावणीतल्या या चर्चची जुनी भिंत पडली तेव्हा मंडळीनं गवंडी शोधला आणि गवंडी मंडळीतच निघाला. मजुरी घ्या म्हणाले, मी घेतली. देवाचं काम असलं तरी माझं पोट देवाचं नव्हतं. काही लोकांना ते आवडलं नाही. न आवडो. फुकट मी कुणाचं केलं नाही आणि फुकट कुणाचं घेतलं नाही.

काही वर्षांपूर्वी एक तरुण पाळक आले. गिटार वाजवायचे, घाम फुटेपर्यंत प्रार्थना करायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एक नवी चाल सुरू केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "आज रात्री मरण आलं तर मी प्रभूजवळ जाणार, अशी ज्यांना आपल्या तारणाची खात्री आहे, त्यांनी उभं राहावं."

पहिल्याच वेळी बाकं करकरली. मी डोळे उघडून पाहिलं. अख्खी मंडळी उभी. रोज दारू पिऊन छावणीच्या नाक्यावर पडणारा उभा. भावाची जमीन दाबणारा उभा. उजवीकडं पांढऱ्या लुगड्यात माझी बायको उभी, मान खाली, हात जोडलेले. बसलेला मी एकटाच.

मला खात्री नव्हती, म्हणून मी बसलो. एवढी सरळ गोष्ट. ओळंबा लावल्याशिवाय भिंत सरळ आहे असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. आत लावायचा ओळंबा माझ्याकडं नव्हता. मग कसा उभा राहू?

दुसऱ्या महिन्यात तसंच. तिसऱ्या महिन्यात मी चर्चमध्ये गेलो तर माझ्या बाकाशेजारी प्लास्टिकची हातांची खुर्ची, तिच्यावर उशी. मंडळीतला एक पोरगेला माणूस म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी. उठबस नको तुम्हाला." महिला मंडळाच्या एका बाईनं माझ्या हातात तेलाची बाटली दिली. दुसरी म्हणाली, गुलमंडीत एक वैद्य आहे, गुडघ्याची वाटी झिजलेली असली तरी बरी करतो.

मला काही कळेना. तेव्हाही मी बांबूची परांची बांधून दुसऱ्या मजल्यावर चढत होतो.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "माझे गुडघे गेले असं कोण म्हणतंय?"

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मीच."

"का?"

"मग काय सांगू बायकांना? माझा नवरा नरकात जाणार हाय, म्हणून बसतो?"

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळे उभे राहिले आणि पाळकसाहेब माझ्याकडं बघून गोड आवाजात म्हणाले, "काही वडीलधारे शरीरानं बसलेत, पण आत्म्यानं उभे आहेत." माझं टाळकं सरकलं. मी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणालो, "साहेब, माझे गुडघे तुमच्यापेक्षा बरे आहेत. मला खात्री नाही, म्हणून बसलोय."

बायकोनं पदर तोंडावर घेतला. घरापर्यंत ती माझ्या पुढं चालली, एकदाही मागं बघितलं नाही.

पाळकसाहेब संध्याकाळी घरी आले. सलाम केला, चहा घेतला. म्हणाले, "बाबा, तुम्ही उगाच अवघड करताय. तारण कमवायचं नसतं. ते फुकट आहे. फक्त हात पुढं करायचा."

त्यांना वाटलं त्यांनी मला सोपं करून सांगितलं.

आमचं गाव पैठणच्या बाजूचं. माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी लहान होतो. त्या काळात मिशनच्या बंगल्यावर दुधाची भुकटी वाटायचे. पिवळट पांढरी, पाण्यात कालवली की गाठी व्हायच्या. बापानं बाप्तिस्मा घेतला तो का घेतला ते त्याचं त्यालाच माहीत. पहाटे उठून बैलगाडीखाली बसून रडत प्रार्थना करताना मी त्याला पाहिलेलं आहे. पण गाव काय म्हणालं? "भुकटीसाठी बाटला." पाटलाचा गडी बापाला हाक मारायचा, "ओ दूधवाले!" विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात. बाप हसायचा. मला त्याचं ते हसणं अजून सहन होत नाही. दुसरीत असताना मी मिशनची शाळा सोडली, कारण तिथं पाटी फुकट मिळायची आणि पोरं त्या पाटीवर थुंकायची. शहरात आलो, चुना मळला, विटा वाहिल्या, गवंडी झालो. तेव्हापासून कुणाच्या दारात हात पुढं केला नाही.

आणि हे बावीस-पंचवीस वर्षांचं लेकरू माझ्या ओट्यावर बसून मला सांगत होतं, हात पुढं करा.

"साहेब," मी म्हणालो, "खैरात घ्यायची तर मग गावच खरं ठरलं की."

त्यांना कळलं नाही. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." केली. पुढं कैक महिने मंडळीत "एका हट्टी वृद्ध भावासाठी" प्रार्थना होत राहिली. नाव घेत नव्हते, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळायच्या. मी खुर्चीवर बसत नव्हतो. बाकावरच बसायचो, उशी बाजूला ठेवून.

बायको बोलायची बंद झाली नाही, टोचायची मात्र लई. "वर गेल्यावर माझ्या एकटीपुरताच स्वयंपाक करावा लागंल, तुमचं ताट वाढायचं नाय." कधी जेवताना म्हणायची, "खाऊन घ्या, तिकडं पाणीबी मिळत नसतं म्हणं." मी हसायचो नाही. आतून मला तिचा हेवा वाटायचा. ही बाई दर महिन्याला उभी राहते. हिला काही तरी ठाऊक आहे, जे मला नाही. एवढी वर्षं एका घरात राहून ते मला मिळालं नाही.

मग ती आजारी पडली. आधी पाय सुजले, मग श्वास लागायला लागला. दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. पोरगा पुण्याहून आला, सुनेनं घर हातात घेतलं. बायकोची बाज मी खिडकीजवळ लावली. पाळकसाहेब महिला मंडळाच्या बायका घेऊन आले, गाणी म्हणली, प्रार्थनेचं तेल तिच्या कपाळाला लावलं, आणि वाकून विचारलं, "आई, तुमच्या तारणाची खात्री आहे ना?" तिनं मान हलवली. सगळ्यांनी "आमेन" म्हणलं. बायका डोळे पुसत गेल्या. एक मला दारात म्हणाली, "बाबा, निदान आता तरी बघा त्यांच्याकडं. चेहऱ्यावर कसा उजेड आहे."

दुपारी सून झोपली, पोरगा औषधाला गेला. मी तिच्या उशाशी बसलो होतो.

"अहो," ती म्हणाली, "एक विचारते. खोटं सांगायचं नाय."

"मी कधी सांगितलं?"

"म्हणून तर तुम्हाला विचारते. मी जाईन ना?"

"कुठं?" मला समजलं होतं, तरी विचारलं.

"गुलमंडीला. बांगड्या भरायला." तेवढं बोलून तिला धाप लागली. पाणी पाजलं.

"अगं, तू तर दर महिन्याला उभी राहायचीस."

"उभी राहायचे. पहिल्यांदा शेजारणीनं कोपर मारलं म्हणून उठले. मग सगळ्या उठल्यावर बसून राहते का कुणी? तुमच्यासारखं गेंड्याचं कातडं नाय माझं."

मला तिचा राग आला. खरं सांगतो, मरणाऱ्या बाईचा राग आला. एवढी वर्षं ही मला नरकाचे टोमणे मारत होती, आणि हिच्याजवळ माझ्याइतकंच होतं, म्हणजे काहीच नव्हतं. सगळी मंडळी एकमेकांच्या कोपरानं उभी होती का काय?

पण तिचे डोळे. ती भ्यालेली होती. लेकरू विहिरीत वाकून बघताना भितं तशी. आणि तिनं पाळकाला विचारलं नव्हतं, पोराला विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं, कारण मी बसून राहिलो होतो.

"जाशील," मी म्हणालो.

"कशावरून?"

मला बायबलातली वचनं पाठ नाहीत. जोडाक्षर आलं की मी अडतो. मनात आलं तसं बोललो. "तू तुझ्या सख्ख्या बहिणीशी एका पातेल्यावरून ती मरेपर्यंत बोलली नाहीस. मंडळीला माझ्या गुडघ्यांबद्दल खोटं सांगितलंस. सुनेला पहिली दोन वर्षं रडवलंस. आपल्या कर्मावर असतं तर तुला कुणी उंबऱ्यातबी घेतलं नसतं. पण ते आपल्यावर नाहीच. तू त्याचा हात धरलेला नाहीस, त्यानं तुझा धरलाय. तुझा सुटंल, त्याचा सुटत नाही."

हे मी बोललो. माझ्या तोंडून निघालं आणि निघताना मला त्यात रेतीच्या कणाएवढीही शंका नव्हती. मीच दचकलो.

ती म्हणाली, "आन तुमचा हात काय लुळा हाय का?"

"मला फुकटचं चालत नाय, तुला माहीत आहे."

"व्हय, मोठे पाटीलच तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या आईनं घेतली होती ती भुकटी. तीच पिऊन मी वाढले. तुम्ही काय दगड खाऊन वाढलात?"

तिनं डोळे मिटले. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. दोन दिवसांनी ती गेली, सकाळी, सून चहा गाळत असताना.

कबरस्तानात पाळकसाहेबांनी उपदेश केला. म्हणाले, आमची ही बहीण प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी उभी राहायची, तिची खात्री आपल्याला आदर्श आहे. लोकांनी रुमाल काढले. मी फक्त माती टाकली. तिनं मला एकट्याला जे सांगितलं होतं, ते त्यांच्यात वाटायला मी बांधलेला नव्हतो.

त्यानंतर पाळकसाहेबांची बदली झाली. नवे आलेले वयस्कर आहेत, त्यांना तसली चाल माहीतच नाही. डोळे मिटायला लावत नाहीत, कुणाला उभं करत नाहीत. आता कुणी विचारत नाही.

आणि मला आता रात्रंदिवस तेवढंच सुचतं. तिच्याबद्दल मी जे बोललो, ते खरं असेल तर माझ्यासाठी वेगळा भाव कसा? मी गवंडी आहे, एकाच घरात दोन मापं चालत नाहीत. आणि बायको गेल्यापासून एक गोष्ट सारखी आठवते. मी प्यायलो होतो ते दूध. आईनं पितळेच्या पेल्यात कालवून दिलं होतं. गाठी जिभेनं फोडल्या होत्या. लई गोड लागलं होतं. मी पेला पुढं केला होता, अजून दे म्हणून. गावानं आम्हाला हसायच्या आधीची ती गोष्ट आहे, तेव्हा हात पुढं करताना मला लाज ठाऊक नव्हती.

गेल्या रविवारी सेक्रेटरी सूचना वाचत होते. कबरस्तानाची साफसफाई, महिला मंडळाची सहल खुलताबादला, कुणाची तरी हरवलेली छत्री. मी बाकाला धरून उभा राहिलो.

उशी आणणारा तोच माणूस वाकून धावत आला. "बाबा, बाहेर जायचंय का? त्रास होतोय?"

"नाय."

"गुडघे?"

"गुडघ्याला काय झालं नाय. उभा राहिलोय."

"अहो, पण आता कुणी म्हणलं नाय उभं राहायला. बसा ना, मागच्यांना दिसत नाय."

उजवीकडच्या बाकावर तिची जागा रिकामी होती, तिथं कुणी तरी पिशवी ठेवली होती. सेक्रेटरी छत्रीचा रंग सांगत होते. मी उभाच राहिलो, सूचना संपेपर्यंत.