मामांची वीस मिनिटं

आमच्या घरात कुणाचं पोट बिघडलं, की दुपारपर्यंत ते नळदुर्गला कळतं. नळदुर्गला माझ्या वन्सं दिल्या आहेत आणि त्यांना फोन करायचं काम सासूबाईंकडं आहे. सासूबाईंना मी आत्या म्हणते. फोन कानाला लावला की आत्यांचा कान तापतो, म्हणून तो स्पीकरवर असतो. त्यामुळं नळदुर्गबरोबर आमच्या परंड्याच्या गल्लीलाही कळतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. लपवायचं असतं हेच आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं.

अशा घरात माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, आजारी पडले, आणि आजार पोटाचा नव्हता. हे सगळं लिहायला मामांनी मला परवानगी दिली आहे. अट एकच, नावं टाकायची नाहीत.

मामा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी बहुतेक कुर्डुवाडीच्या गाडीवर गेली. गाडीत चढलेल्या माणसाला तिकिटाबरोबर एक टोमणा मिळायचाच. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. मग ते हळूहळू गप्प होत गेले. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खायचे आणि आमटीत बोटानं रेघा मारत बसायचे. दाढी वाढली. पेपर आणायचे आणि घडीसकट तसाच ठेवून द्यायचे. काहीही विचारलं की "चालंल" म्हणायचे.

आत्यांनी दृष्ट काढली, तळपायाला तूप चोळलं, शेवटी "ह्यांना शुगर झालीया" असं जाहीर करून टाकलं. तपासली तर शुगर निघाली नाही. आत्या जरा नाराजच झाल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मग धाराशिवच्या एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं जायला सांगितलं.

आम्ही पाच जण गेलो. मामा, आत्या, माझा नवरा, मी, आणि नळदुर्गहून परस्पर आलेल्या वन्सं. पाचही जण तपासणीच्या खोलीत शिरलो. खुर्च्या दोनच होत्या.

"जेवण जातं का?" बाईंनी मामांना विचारलं.

"कशाचं जातंय!" आत्या म्हणाल्या. "दोन भाकरी खानारा मानूस, आता चतकुरावर आलाय."

"झोप लागते?"

"पहाटंच उठून बसतेत," नवरा म्हणाला.

"मन कशात रमतं?"

"आधी माझ्या लेकरांत रमायचं," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, मला उपयोग होईल. आता जरा यांचं ऐकते. तुम्ही सगळे बाहेर बसा."

हे बाकीच्यांना सांगितलंय असं समजून आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"आई, तुम्हीसुद्धा," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर आत्या नुसत्या तडतडत होत्या. "अडतीस वर्षं संसार केलाय म्या. माझ्या माघारी काय बोलायचंय ह्यांना?" थोड्या वेळानं त्या पाय मोकळे करायला उठल्या आणि बरोबर दाराला टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्यानं दाराच्या काचेत बघून तीनदा भांग पाडला. त्याच्या डोक्यावर भांग पाडण्याइतके केस आता नाहीत. वन्संना दाराजवळच्या माठातलं पाणी फार आवडलं. मी तेवढी बाकावर बसून राहिले. मी काही मोठी शहाणी नाही. मी शाळेत शिकवते आणि सहावीचे पेपर तपासायचे राहिले होते.

वीस मिनिटांनी दार उघडलं आणि बाईंनी मला एकटीलाच आत बोलावलं.

मामांचे डोळे लाल होते. हातात पाण्याचा रिकामा पेला होता. बाई म्हणाल्या, "घरातल्या कुणाशी मी बोलावं, हे यांनी ठरवायचं असतं. यांनी तुमचं नाव दिलंय."

मला वाटलं, काहीतरी चूक होतेय. घरात मीच सगळ्यात नवी. मामांशी माझं बोलणं म्हणजे चहा झाला का, गॅस आला का, एवढंच.

"ही इचारत न्हाय," मामा खिडकीकडं बघत बाईंना म्हणाले. "बाकीच्यांना सांगितलं, की ष्टँडवरच्या भोंग्यातनं सांगितल्यागत हुतंय."

कितीतरी महिन्यांनी मी मामांचा टोमणा ऐकला.

बाईंनी मग मामांच्या देखतच मला समजावून सांगितलं. हे नैराश्य आहे, आजारच आहे, हट्ट नाही. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. शेवटी मामांनी स्वतःच दोन वाक्यांत मला एक गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "हे घरात नगं."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "फक्त तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. ते तुम्हाला आधीच सांगितलंय."

मामांनी मान हलवली. मी पण कबूल झाले.

मग सगळ्यांना आत घेतलं. बाईंनी गोळ्यांच्या वेळा आत्यांकडं दिल्या, सकाळचं फिरणं नवऱ्याकडं दिलं. वन्संना सांगितलं, फोन जरूर करा, पण रोज 'कसं वाटतंय' विचारू नका, लेकरांच्या खोड्या सांगा. आणि उठता उठता म्हणाल्या, "फवारणीची औषधं घरात ठेवू नका. हे मी प्रत्येक घराला सांगते."

"माळ्यावर हरभऱ्यावर फवारायची एक बाटली आहे," नवरा म्हणाला.

"आज गेल्या गेल्या बाहेर काढा."

मी मामांकडं बघितलं नाही. मामांनीही माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवसापासून माझ्यावर वेढा पडला. वन्संचा फोन आता थेट मला यायला लागला. "मला काय बी सांगू नको, फकस्त व्हय का न्हाय एवढंच सांग." कशाचं हो आणि कशाचं नाही, ते त्याच ठरवणार होत्या. नवरा दोन दिवस फुगून बसला. "मी मुलगा आहे त्यांचा," तो म्हणाला. ते खरंच होतं. मी म्हटलं, "मग त्यांच्याबरोबर फिरायला जा." बापलेक रोज सकाळी किल्ल्यापर्यंत जायला लागले. पहिला आठवडा दोघं मुक्यानं गेले आणि मुक्यानं आले. दुसऱ्या आठवड्यात बुरुजावरच्या तोफेच्या लांबीवरून भांडत आले. मला इतकं बरं वाटलं, की मी दोघांनाही खरी लांबी सांगितली नाही.

आत्यांची तऱ्हा वेगळी. त्यांनी मला तव्यावरची पहिली गरम भाकरी वाढायला सुरुवात केली. वर तुपाची धार. सात वर्षांत असं झालं नव्हतं. आठ दिवस मी खाल्ली आणि गप्प राहिले. नवव्या दिवशी तूप बंद झालं, म्हणून मी समजले की आता आत्या सरळ विचारणार.

रविवारी दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. मामा आत आडवे झाले होते. आत्या फोडलेल्याच शेंगा पुन्हा फोडत होत्या, तेव्हाच मला धास्ती वाटली.

"तू काय बी सांगू नगंस," शेवटी त्या म्हणाल्या. मान खालीच. "फकस्त एवढं सांग. माझ्यामुळं झालंय का त्यांना?"

बोटं टरफलं फोडतच होती, पण दाणे सुपात पडायचे सोडून जमिनीवर पडत होते. दाराशी कान लावणारी, तूप वाढणारी बाई इतके दिवस हे मनात घेऊन फिरत होती. मी आपली मनात तिला हसत होते.

उत्तर मला माहीत होतं. 'नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण ते मामांनी विश्वासानं माझ्यापाशी ठेवलेलं होतं. आणि 'नाही' म्हटलं की 'मग कशानं?' हा प्रश्न येणार, हे मी आत्यांना ओळखून होते.

"आत्या, मी त्यांना विचारून येते," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

आत गेले तर मामा उठून आरशापुढं दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण. मी दारातूनच म्हटलं, "मामा, आत्या एक विचारताहेत. त्यांच्यामुळं तुम्हाला झालं का म्हणून. उत्तर देऊ का?"

हातातला वस्तारा तसाच थांबला. "तिला असं वाटतंय?"

"व्हय."

मामा तसेच बाहेर आले. आत्यांसमोर खाली बसले. गालावरचा साबण सुपात गळायला लागला.

"अगं, तुझ्यामुळं न्हाय. तुझ्यामुळं तर दवाखान्यात गेलो."

"मग आधी सांगाया काय झालं हुतं?"

"तू बोलू देतीस व्हय?"

आत्यांनी पदर तोंडाला लावला. रडतायत का हसतायत ते कळेना. मग म्हणाल्या, "आधी शेंगातनं बाजूला व्हा. साबण गेला सगळा."

मामांनी आत्यांना पुढं काही सांगितलं का, ते मला माहीत नाही. मी पेपर तपासायला आत निघून गेले. त्यांनी मला सांगितलेली दोन वाक्यं मात्र अजून माझ्यापाशीच आहेत. इथंही लिहिणार नाही.

गुण यायला चार नाही, दहा आठवडे लागले. मधे एकदा मामा पुन्हा पार खचले होते. तेव्हा बाईंनी गोळ्या बदलल्या आणि आम्ही घरात पाळ्या लावून त्यांच्याजवळ बसलो. त्या वेळी मामांनी स्वतःच नवऱ्याला सगळं सांगितलं, कारण मला एकटीला ते पेलत नव्हतं आणि तसं मी मामांना तोंडावर बोलले होते.

आता दोन महिन्यांतून एकदा धाराशिवला जातो. गेल्या खेपेला मामांनी आत्यांनाच आत बोलावलं. पाच मिनिटं झाली असतील, तोच आत्या एकट्या बाहेर आल्या आणि बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"काढलं का बाहेर?" मी विचारलं.

"कोन काढतंय मला? मीच आले. लई बोलतेत हे, त्या बाईला ऐकू दे."