एकशेवीस रोमन फूट

शेजारी इटलीहून परतला आणि संध्याकाळच्या बाकावरची माझी उरलीसुरली किंमत संपली. मी जन्मभर भूमापक. विदर्भातली किती शिवारं पायाखाली घातली, पण जमीन मोजतात कशी, हे कॉलनीत मला कुणी कधी विचारलं नाही. हा बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मिहानमधली नोकरी सोडून तिकडे गेलेल्या मुलाकडे राहून आला आणि येताना रोमनांची शेतमोजणी घेऊन आला. मग दिसेल ते रोमन मापात. माझा प्लॉट युगेरमचा, म्हणजे त्यांच्या एकराचा, कितवा हिस्सा, फाटकापासून दूधवाला किती अॅक्टस.

"अॅक्टस म्हणजे एकशेवीस फूट," तो सांगे. "बैलजोडी एका दमात नांगर ओढते आणि वळते, तेवढं अंतर."

माझी बायको पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिचा चेहरा उजळला. "खरं आहे भाऊजी! आमच्या बाबाचे बैलही तेवढंच जाऊन उभे राहत. बाबा म्हणे, दम घेऊ द्या त्यायले." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही इतकी वर्षं साखळी ओढली, असं काही काहून नाही सांगितलं जी?"

मी तिला हद्दीची भांडणं आणि उन्हाचे चटके सांगत आलो. तिचे बैल तिला दुसऱ्याच माणसाने परत आणून दिले. त्या दिवशी तिने त्याच्या चहात आलं जास्त घातलं, हे मी वासावरूनच ओळखलं.

मी मोबाइलवर रोमनांबद्दल वाचायला लागलो. शिकायला नव्हे, त्याची चूक काढायला. ती सापडलीही. रोमन फूट आपल्या फुटापेक्षा आखूड, साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या थोडा वर. हा मात्र आपलाच फूट धरून मीटर काढत होता.

कॉलनीच्या स्नेहसंमेलनात मैदानावर फक्कीने एक चौरस अॅक्टस आखून दाखवायचा, असं त्याने ठरवलं. "साहेब, टेप तुम्हीच धरा. तुमच्यासमोर मोजलं की मला धाकधूक नाही."

आमच्या कामात एक रीत होती. पुढचा माणूस आकडा ओरडून सांगतो, मागचा तोच आकडा परत उच्चारतो. मागच्याने उच्चारल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. ही रीत मीच त्याला शिकवली. मी मागे टेपच्या शून्यावर बसलो, तो टेप ओढत पुढे गेला.

"छत्तीस मीटर अठ्ठावन्न!" तो ओरडला.

रोमन फुटाने पस्तीस बावन्न हवं होतं. जिभेवर आलंही होतं. बायको बाजूला उभी राहून त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

"छत्तीस मीटर अठ्ठावन्न," मी म्हणालो. त्याने खुंटी ठोकली.

संमेलनात कॉलनीतली एक सून, कॉलेजात इतिहास शिकवणारी, सहज विचारून गेली, "काका, रोमन फूट किती धरलात?" त्याने सांगितलं. ती ओशाळली. "तो तर इंग्रजी फूट झाला ना."

"बँकेतही असंच व्याज लावत होता का गा?" कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसलं. दुसऱ्याने विचारलं, "पण मोजणीवाले साहेब होते ना सोबत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्यांना मी नुसती टेप धरायला बोलावलं होतं. हिशोब दाखवलाच नाही."

त्यानंतर त्याने रोमनांचं नाव काढलं नाही. बाकावर येई आणि गुडघेदुखीवर बोले. बायको एकदा म्हणाली, "भाऊजी आता बैलाचं काही सांगत नाहीत." मला हवं तेच झालं होतं, आणि जेवण गोड लागत नव्हतं.

या हिवाळ्यात मी बाकावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चूक मला ठाऊक होती, आकडा मी मुद्दाम परत उच्चारला. शिव्या खायची तयारी ठेवली होती. शिवी कुणी दिली नाही. मग बायको म्हणाली, "पाहा, भाऊजींनी एवढं पोटात ठेवलं. किती मोठ्या मनाचा माणूस!" सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं मी बोललो आणि मोठा तो झाला. या वयातही मला त्याचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन दारात उभा. "चला साहेब. ती खुंटी अजून तिथंच आहे."

या वेळी शून्यावर तो बसला. मी ओढत गेलो आणि ओरडलो, "पस्तीस मीटर बावन्न!"

मी हातोडी उचलून थांबलो. रीत म्हणजे रीत. मैदानाच्या त्या टोकाला तो आरामात टेप धरून बसला होता आणि बायको गच्चीतून बघत होती.

"एकशेवीस रोमन फूट!" शेवटी तो ओरडला.

"मीटरमध्ये सांग गा!" मी खेकसलो.

"पस्तीस मीटर बावन्न," तो हसत म्हणाला. मी खुंटी ठोकली. गच्चीतून बायको हसली. कुणाकडे बघून, ते एवढ्या लांबून कळलं नाही.