कोंडूभाऊंचा कोरा पंप

लोणावळ्यात पावसाळा संपला की घरं पुन्हा उजेडात येतात, पण येतात ती हिरवी होऊन. भिंती, पायऱ्या, विहिरीचा कठडा, सगळ्यावर शेवाळ. हात ठेवला तर एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवल्यासारखं वाटतं. आमच्या आळीतलं हे शेवाळ उतरवायला कोंडूभाऊ यायचे. कुरवंड्याच्या पलीकडे, नागफणीच्या कड्याच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथून पाठीवर पितळी पंप बांधून चालत. धुक्यात आधी पंपाची चमक दिसायची, मग माणूस.

तरुणपणी ते हिवतापाच्या फवारणीवाल्यांबरोबर गावोगाव हिंडले होते. पंप हाताळायला शिकले ते तिथंच. पुढे बंगल्यांची कामं मिळू लागली. ब्लीचिंग पावडर आदल्या दिवशी पाण्यात कालवून ठेवायची, वरची निवळ फडक्यातून गाळून पंपात भरायची, दांडा खालीवर करून टाकीत हवा कोंडायची. मग नळीच्या टोकातून असा बारीक तुषार निघे की उन्हात त्याला रंग चढत. काम संपलं की आधी झाकण सैल करून उरलेली हवा सोडायची. फुस्स करून आवाज व्हायचा.

"दमलं बिचारं," म्हणायचे. "हवा कोंडून ठिवली तर रातभर तळमळतंय."

मग साध्या पाण्यानं टाकी पुनःपुन्हा खळबळायची. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर असतो, तो काढून त्याला एरंडेल चोळायचं, कारण चामडं सुकलं की हवा धरत नाही. नळीची तोंडी तुंबली तर तार कधी घालायचे नाहीत, केरसुणीची काडी घालायचे. तारेनं भोक मोठं होतं आणि तुषाराची धार होते. शेवटी पंप उलटा टांगून ठेवायचा. एवढं सगळं ते इतक्या सावकाश करत की बघता बघता माझी दुपार कुठे गेली ते कळत नसे.

त्रेसष्ट सालची दिवाळी उलटून गेली तरी ते आले नाहीत. आले तेव्हा पंप खाली ठेवून पायरीवर नुसते बसून राहिले.

"वैनी, निजलेल्या मान्साच्या अंगावरलं पांघरून वढून काढलंय कदी?"

"काढते की. पोरांच्या, रोज सकाळी."

ते हसले नाहीत. चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी सांगितलं ते असं.

वाडीच्या वर, कड्याच्या कपारीत त्यांचा वाघदेव आहे. उभा दगड, पुढून शेंदूर, बाकी सगळं अंग हिरवं. कपारीत पाऊस थेट येत नाही. वरून ठिबकणाऱ्या ओलीवर ते शेवाळ किती पिढ्यांपासून वाढलेलं. दिवाळीच्या सुरुवातीला, वाघबारशीला, वाडी तिथं जमते, खीर शिजते, गुराढोरांना सांभाळ म्हणून हात जोडले जातात. त्याआधी देवाला आंघोळ घालायचा मान कोंडूभाऊंच्या घराचा. त्यांचा बाप तांब्यानं पाणी घालायचा, तेही नुसतं, न घासता.

"सायबांच्या पायऱ्या मी आरशावानी करतो," कोंडूभाऊ म्हणाले, "आन माझाच द्येव असा बुरसलेला? मनात आलं, येकदा त्येलाबी उजळ करावा."

म्हणून वाघबारशीच्या आदल्या दिवशी त्यांनी देवावर पावडरीची निवळ फवारली. सकाळी वाडी वर गेली तेव्हा शेवाळ तपकिरी होऊन पायाशी गळून पडलेलं आणि दगड फिकट, उघडा. पोरं आईच्या मागं दडली. कोंडूभाऊंचे चुलते शिदूआबा, वाडीतले सगळ्यात म्हातारे, दगडापाशी गेले. मग एवढंच म्हणाले, "थंडी तोंडावर आली आन तू द्येवाला उगडं केलंस." आंघोळीचा मान त्यांनी काढून घेतला. देवाला पांघरूण परत येईल तेव्हा बघू.

"मग येईल की पावसाळ्यात," मी म्हटलं.

"तितं पाऊस न्हाई, वैनी. आन पावडर दगडात मुरलीया." त्यांनी कप खाली ठेवला. "मी उठवीन ते पांघरून. पर त्येला कोरा पंप पायजे. ह्येच्या नळीत पावडर बसलीया, धुऊन धुऊन किती धुणार?"

माळ्यावर सासऱ्यांचा एक छोटा पंप होता, गुलाबांसाठी घेतलेला. तो काढून दिला. कोंडूभाऊंनी झाकण उघडून आत नाक घातलं.

"तमाखू प्यालाय ह्यो."

मी वास घेतला. सासरे गुलाबांवर तंबाखूचं पाणी मारत, ते मी विसरूनही गेले होते. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि टाकीतून ते असे आले, सकाळच्या धोतरात, वाकून पानं उलटून बघत. मी झाकण हळूच लावलं.

शेवटी बाजारात गेलो. पुतळाबाईही आल्या होत्या, कोंडूभाऊंच्या बायको. हार्डवेअरवाल्या निवृत्तीशेठनी पंप ओळीनं मांडले. कोंडूभाऊंनी पत्र्याचे बाजूला सारले, पितळेच्या प्रत्येक टाकीचा जोड बोटानं चाचपला, वास घेतला. मग एकात पाणी भरून हवा कोंडली, कुठून सुटते का ते ऐकायला टाकीला कान लावला आणि तसेच बसून राहिले. आमचा चहा झाला, पानं झाली.

"कोंडू, पंप घेतोस का बायको बघतोस?" शेठ म्हणाले.

"बायकू बगाया येवडा येळ कुनी दिलता? घोळ झाला त्यो तितंच."

"आन मला दिलता व्हय?" पुतळाबाई ताडकन म्हणाल्या. "मी कान लावून बगितला आसता तर भायेरच ठिवला आसता ह्येला!"

सारं दुकान हसलं. टाकीतली हवा तेवढी गप्प राहिली, म्हणून तोच पंप घेतला. कोंडूभाऊंनी त्याच्या पट्टा अडकवायच्या कानाला लाल चिंधी बांधली. दोन पंपांची कधी गल्लत व्हायला नको.

पुढचे काही आठवडे ते देवाला नुसतं झऱ्याचं पाणी फवारत राहिले, मुरलेली पावडर निघावी म्हणून. मग एके सकाळी येऊन त्यांनी आमच्या विहिरीच्या मागचं शेवाळ मागितलं. दरवर्षी खरवडून फेकलेलं तेच शेवाळ त्या दिवशी त्यांनी सुरीच्या पात्यानं इतकं हलकं उचललं आणि पळसाच्या पानात असं गुंडाळलं, जणू झोपलेलं पोर उचलून न्यायचंय.

"आपल्याकडे माणूस शेवाळ काढायला येतो की न्यायला?" ह्यांनी आतून विचारलं.

ते शेवाळ ताकात वाटून त्यांनी दगडाला बोटांनी लावलं. वरून तांदळाच्या धुवणाचा तुषार, सकाळी एकदा, कलत्या उन्हात एकदा. धुवण माझ्याकडूनही जायचं. दूध घालायला येणाऱ्या वाडीतल्या बाईच्या रिकाम्या चरवीत मी ते ओतून ठेवी, आणि ते डोंगर चढून देवाच्या अंगावर धुकं होऊन पडणार, या विचारानं माझं तांदूळ धुणंसुद्धा हळू होऊ लागलं होतं.

उन्हाळ्यात झरा बारीक झाला. "घरात प्याया कळशी आन दगडाला हंडा!" असं ऐकवत पुतळाबाईच तो हंडा डोक्यावरून वर नेत. अशात एक दिवस कोंडूभाऊ उतरलेल्या चेहऱ्यानं आले. पंप हवा धरेना. धुवणानं आंबूस झालेला, एरंडेलानं मऊ झालेला वायसर उंदरांनी खाल्ला होता.

"उंदराचा तरी सण झाला," मी म्हटलं. ह्यांच्या जुन्या बुटाची जीभ कापून दिली. तिचा त्यांनी तिथंच गोल वायसर कातरला, तेलात बुडवला आणि दांड्यावर चढवला. बूट कुठे गेला, असं ह्यांनी विचारलं नाही. शेवाळ आलं का, असं मात्र अधूनमधून विचारत.

मला ते बघायला मिळालं पुढच्या वाघबारशीला. कोंडूभाऊंनी बोलावलं होतं. मी गेले तेव्हा दरीतून धुकं वर चढत होतं, माणसं त्यात कमरेपर्यंत बुडालेली. कपारीपाशी खिरीचं भांडं चुलीवर होतं. मी आधी दगडाकडे बघायचं टाळलं. मग बघितलं.

पूर्वीसारखा तो नव्हता. खांद्याशी आणि पाठीवर हिरवं होतं, पातळ, तान्ह्या पोराच्या जावळासारखं. खाली अजून फिकट डाग होते. कोंडूभाऊ सगळ्यांच्या मागं उभे होते, रिकाम्या हातांनी. पंप घरीच ठेवून आले होते.

शिदूआबा काठी टेकत पुढं झाले. बोटांनी नाही, पालथ्या हातानं त्यांनी देवाच्या पाठीला स्पर्श केला, ताप बघतात तसा. हात तिथंच राहिला. चुलीत लाकूड तडतडलं.

"वल हाय," ते म्हणाले. मग मागं न बघताच, "कोंडू, पंप कुटं हाय?"

"घरी हाय, आबा."

"घरी काय अंडी घालतोय? आन त्यो. तांब्याची धार लय जड पडंल ह्येला आता."

पुतळाबाई धावतच गेल्या. डोक्यावर हंडा नेणारी ती बाई लाल चिंधीचा पंप दोन्ही हातांनी छातीशी धरून आली आणि तिनं तो नवऱ्याच्या हातात ठेवला. कोंडूभाऊंनी झऱ्याचं पाणी गाळून भरलं. दांडा खालीवर झाला, ह्यांच्या बुटाच्या जिभेनं हवा धरली, आणि तुषार सुटला. दरीतलं धुकं तोवर कपारीत शिरलं होतं. पंपातलं कुठलं आणि डोंगरातलं कुठलं, मला काही केल्या वेगळं काढता येईना.

आंघोळ झाली. कोंडूभाऊंनी झाकण सैल केलं. फुस्स झालं तशी पोरं खिदळली, आणि शिदूआबांनी खिरीकडे बोट केलं.