आमची लाभार्थी

“आज मी कोन हाय, दादा?” टोपली दाराबाहेर ठेवत मावशी विचारायची.

मी नवीन पनवेलच्या एका खासगी विद्यापीठात, नवोपक्रम केंद्रात कारकून. मावशी करंजा बंदरावरची कोळीण; आमच्या गेटबाहेर सुके बोंबील आणि सुकट विकायची. पाहुणे आले की संचालक सर मला तिला आणायला पिटाळायचे. मग मी फाइल बघून सांगायचो, “आज तुम्ही महिला उद्योजक.” कधी ती ‘किनारपट्टीचा वंचित घटक’ असायची, कधी ‘डिजिटल साक्षर’. डिजिटलच्या दिवशी तिच्या हातात टॅब द्यायचो. तो ती सुपासारखा धरायची.

“धंदा आदी पन मीच करत व्हते ना?” एकदा तिनं विचारलं.

“हो, पण आता तो आमच्यामुळे वाढला, असं लिहायचंय.”

“बरा. फोटो बेगीन काड. माजा गिऱ्हाईक जाईल.”

तुम्हीही असली प्रदर्शनं पाहिली असतील. आमच्या मुलांनी तिच्यासाठी ‘आधुनिक मासळी विक्री केंद्र’ बनवलं. काचेचं कपाट, आत दिवे, वर सोलर. सभागृहात वास नको म्हणून त्यात प्लॅस्टिकचे मासे मांडले. मावशीनं एक उचलून कल्ले तपासले. “ताजा नाय,” ती गंभीरपणे म्हणाली आणि जागेवर ठेवून दिला.

तपासणी समिती आली, तेव्हा मी तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं: ‘आम्हाला बाजारपेठेशी जोडणी हवी.’ समितीतल्या बाईंनी विचारलं, “विद्यापीठाकडून अजून काय हवं तुम्हाला?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“बाय, गेटाच्या आत संडास हाय, तो वापरू द्या. मी सकालपासून पानी पीत नाय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. सर लगेच म्हणाले, “फार मोलाचा अभिप्राय! यावर कार्यशाळाच घेऊ.”

कार्यशाळा झाली. नाश्ताही चांगला होता. मावशीला बोलवायचं राहून गेलं. संडासाबद्दल मी वॉचमनला विचारून पाहिलं, तर त्याला लेखी आदेश हवा होता. आणि सर म्हणाले, आधी धोरण ठरू दे.

पुढे त्या कपाटाला पुरस्कार मिळाला. समारंभाला बडी माणसं येणार, म्हणून गेट मोकळं करायचं ठरलं आणि तिला उठवायला मलाच पाठवलं. गेटवर मोठा फलक लागला होता. त्यावर मावशी टॅब धरून हसत होती. खाली मावशी बसली होती.

“मावशी, ते… आज इथून जरा…”

“सायबांनी सांगला?”

मी मान हलवली. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं टोपली आवरली, कागदात मूठभर सुकट बांधून माझ्या हातात कोंबली. “वयनीला सांग, आदी भाज, मंग धू. जा, तुजी नोकरी हाय रं.”

त्यानंतर ती आली नाही. कुणी म्हणालं, इथे जवळच, करंजाडेच्या बाजारात बसते. मी दोनदा जाऊन आलो, दिसली नाही.

वार्षिक अहवालात तिच्या नावापुढे काहीतरी लिहिणं भाग होतं. मी लिहिलं, ‘लाभार्थी आता स्वतंत्रपणे व्यवसाय करते.’ सरांना वाक्य फार आवडलं. ठळक अक्षरात घ्या, म्हणाले.

मी घेतलं.